ऑइल वरूनच ओढायचा पंप: दोन वर्षं, तीन गाड्या अन् एक वाया गेलेला पंप

कंपनीतल्या तिघांनी एकाच आठवड्यात विचारलं की तू तो गाडीचं ऑइल ओढायचा पंप घेतलाय तो घ्यावा का, दरवेळी तेच ते सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. आधीच सांगतो, हा पंप मी हौसेनं घेतलेला नाही. नाइलाजानं घेतलाय.

माझी २०१५ ची पेट्रोल स्विफ्ट. राहायला संभाजीनगरचं बजाजनगर, नोकरी वाळूज एमआयडीसीत, गाव परभणी जिल्ह्यात सेलूकडं, म्हणजे जालना-परतूर करत महिन्यातून दोन चकरा ठरलेल्या. वॉरंटी संपल्यापासून गाडी एका ओळखीच्या गॅरेजला द्यायचो, नाव घेत नाही, मालक माणूस चांगला पण हाताखालची पोरं नवी. त्यातल्या एकानं ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल सोडायचा इंजिनाच्या तळाचा बोल्ट, पान्याला लांब पाइप लावून असा काही आवळला की जसं काय तो परत कधी खोलायचाच नव्हता. पुढच्या सर्व्हिसला खोलला तर बोल्टासोबत आट्यांचा चकचकीत भुगा बाहेर. चार दिवसांनी पार्किंगमध्ये गाडीखाली रुपयाएवढा डाग, मग रोज एक डाग. परत नेली तर मालकानं खाली वाकून बघितलं अन् एकदम शांतपणे, "आटे गए भाई इसके. टेफलॉन मारके देता, चलती." मी म्हटलं किती दिवस चलती? "नट नक्को खोलो कायकू भी, फिर चलती." आता ज्या नटातून ऑइल काढायचं तोच खोलायचा नाही, मग ऑइल बदलायचं कुठून, हे त्याला विचारलं तर हसला.

नवीन चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइल साठायची जागा, ते बसवायची मजुरी अन् वरून ऑइल असा जो आकडा सांगितला तो ऐकून मी गाडी वळवली. एमआयडीसीत राहायचा एक फायदा आहे, लेथवाले पावलोपावली. एकानं नवे आटे पाडून एक नंबर मोठा बोल्ट बसवून दिला, गळती थांबली, पण तोही म्हणाला साहेब हा सारखा सारखा उघडू नका. तिथून हे पंपाचं खूळ डोक्यात शिरलं. ऑइल किती आहे ते बघायची गेजची पट्टी जिथून काढतो त्याच भोकातून नळी आत सोडायची, चेंबरच्या तळाला टेकवायची अन् ऑइल वरूनच ओढून घ्यायचं. बोल्टाला हातच लावायचा नाही.

गॅरेजवाल्याला हे सांगितलं तर म्हणे ऐसा कहीं होता क्या. होतं की. बोटींच्या इंजिनाला खाली जायला जागाच नसते, तिथं कितीतरी वर्षं वरूनच ओढतात. मर्सिडीजच्या बऱ्याच वर्कशॉपमध्ये अशीच पद्धत आहे, अन् ती चिमुकली दोन सीटची स्मार्ट गाडी आहे ना, तिच्या पहिल्या मॉडेलला तर ड्रेन बोल्टच दिलेला नव्हता. त्यामुळं ही काही माझी गावठी आयडिया नाही.

तर पहिला पंप. बारा व्होल्टचा, मुठीएवढा, लाल अन् काळी अशा दोन चिमट्या बॅटरीला लावायच्या, एका बाजूनं ऑइल घेणार दुसऱ्या बाजूनं सोडणार. अकराशे रुपये. व्हिडिओत बघितलं तर कसं सरसर काढत होता. डिसेंबरात गावाकडं गेलो तेव्हा सोबत नेला, म्हटलं गोठ्यापुढं मोकळी जागा आहे, सांडलं तरी कुणी बोलणार नाही. आता परभणीकडची डिसेंबरातली सकाळ ज्याला माहितीये त्याला माहितीये, कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा पाच-सहावर उतरला की पेपरात फोटो येतात शेकोटीचे, त्यातली ती सकाळ. पंपाच्या कागदावर लिहिलेलं होतं साठ डिग्रीच्या वर गरम ऑइल घालू नका. मी शहाण्यानं त्याचा अर्थ लावला की गार ऑइल बेस्ट, अन् रात्रभर थंडीत उभी गाडी तशीच घेतली.

पहिल्यांदा तर नुसतं बुडबुड बुडबुड. इंजिनाच्या आतून आवाज, बाटलीत एक थेंब नाही. आप्पा बाजंवर बसून बघत होते, म्हणले, "आरं तुझा पंप ऑइल काढायलाय का हवा भरायलाय?" अन् बरोबरच होतं त्यांचं, चिमट्या उलट्या लागलेल्या, त्यामुळं मोटार उलटी फिरून चेंबरात हवा फुंकत होती. हे ध्यानात ठेवा, या बारक्या पंपाला प्लस-मायनस उलटं झालं की धार उलटी होते, अन् डब्यात आधीचं घाण ऑइल असेल तर ते परत इंजिनात जाईल. सरळ लावल्यावर घुर्रर्र करत काळी तार सुरू झाली, तारच म्हणावी, धार नाही. पंचवीस मिनिटांत लिटरभर आलं असंल नसंल तोवर पंपाचं अंग तापून वायरीचा वास यायला लागला, मग आवाज बारीक झाला अन् मग बंद. उरलेलं ऑइल आत, गाडी अर्धवट, दुपारी परत संभाजीनगरला निघायचं. नवीन कॅनमधलं लिटरभर वर ओतून तसाच आलो. विकणाऱ्याला परत घ्या म्हटलं तर उत्तर आलं, ऑइल लागलेला माल परत घेत नाही. ऑइलच्या पंपाला ऑइल नाही लागणार तर काय लागणार!

सगळा दोष पंपाचाच होता असं म्हणणार नाही. नंतर ऑइलच्या डेटाशीटमध्ये बघितलं, साधारण ५डब्ल्यू-३० ऑइलचा घट्टपणा ४० अंशाला साठ-सत्तर सेंटीस्टोक असतो अन् १०० अंशाला दहा-अकरावर येतो. म्हणजे चाळीस अंशालाच सहापट घट्ट, अन् मी तर त्याच्याही कितीतरी खाली, पहाटेच्या थंडीतलं ऑइल ओढायला लावलेलं. काकवी चमच्यानं नाही, सुईनं ओढल्यासारखं. तरी सांगतो, हा बारा व्होल्टचा खेळणा घेऊ नका. गार ऑइल त्याला झेपत नाही, जास्त गरम त्याला चालत नाही, मधल्या वेळेत तुम्हीच त्याच्यामागं पळायचं. अन् कुणी सांगेल की याच पंपानं टाकीतलं पेट्रोलही काढता येतं, तर बिलकुल नको. आत ब्रशची मोटार असते, ठिणगी पडते.

मग सहा महिने तसेच गेले. उन्हाळ्यात दुसरा घेतला, हातानं मारायचा. बत्तीसशेला पडला. साडेसहा लिटरची प्लास्टिकची टाकी, बाजूला लिटरच्या खुणा, वर टीच्या आकाराची दांडी, सोबत तीन जाडीच्या नळ्या. बॉक्स उघडला तेव्हा आप्पा आमच्याकडं आलेले होते, हातात धरून खालीवर बघितला अन् म्हणले, "हे तर फवाऱ्याचा पंपच हाय, उलटा." याच्याहून सोपं मला नाही सांगता येणार. दट्टे मारून हवा भरायचा जो फवारणीचा पंप असतो तो टाकीत हवा दाबून औषध बाहेर ढकलतो, हा टाकीतली हवा बाहेर काढतो, मग बाहेरची हवा इंजिनातलं ऑइल नळीतून टाकीत ढकलते. म्हणून वरचं ऑइल भरायचं झाकण उघडं ठेवायचं, आत हवा जायला वाट पाहिजे. याला मोटार नाही, वायर नाही, तापायला काही नाही. पंधरा-वीस दट्टे मारायचे अन् बाजूला बसायचं, ऑइल आपसूक येत राहतं. जोर कमी झाला की अजून आठ-दहा.

पण खरी गोष्ट पंपात नाहीये, नळीत आहे. अन् हे कुठल्याच जाहिरातीत मोठ्या अक्षरात नसतं. नळी आतून किती रुंद आहे त्यावर सगळा वेग. चार मिलिमीटरच्या अन् सहा मिलिमीटरच्या नळीत डोळ्याला फरक काही दिसत नाही, पण नळीतून पातळ वस्तू वाहायचा नियम असा आहे की बाकी सगळं सारखं असेल तर तेवढ्याच वेळात निघणारं माप व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणं वाढतं, म्हणजे दीडपट रुंद नळीतून पाचपट ऑइल. माझ्याकडं आलेल्या तिन्हीतली सगळ्यात बारीक नळी मी एकदा लावून बघितली, चहा करून पिऊन झाला तरी पाऊण लिटरवर. तेव्हा आधी आपल्या गाडीच्या गेजची पट्टी काढून तिच्या भोकात कुठली नळी जाते ते बघायचं, त्यातली सगळ्यात जाड जाईल ती लावायची. जी फारच मऊ असते ती गरम ऑइलात अजून मऊ होते अन् ओढ लागली की मधेच चपटी होऊन बसते, ती नको. थोडी ताठ हवी, बोटानं दाबली तर लगेच चपटी न होणारी.

आता वापरायचं कसं. इंजिन सहा-सात मिनिटं चालू ठेवायचं, किंवा सरळ एक चक्कर मारून यायचं, मग बंद करून दहा मिनिटं थांबायचं. म्हणजे वरचं ऑइल चेंबरात उतरतं अन् कडक आंघोळीच्या पाण्याइतकं गरम राहतं. लगेच पट्टी काढून नळी घालाल तर बोटं पोळतील अन् नळी वाकेल, मे महिन्यात तर मी पंधरा मिनिटं थांबतो, आमच्याकडं तेव्हा पार्किंगच्या सावलीतसुद्धा बेचाळीस असतं. नळी घालायच्या आधी पट्टीच्या शेजारी धरून पट्टीच्या टोकापर्यंतच्या लांबीवर लाल टेप गुंडाळायचा. पट्टीचं टोक तळाच्या थोडं वर थांबतं, नळीला त्याच्याही खाली जायचंय, म्हणून टेप आत गेल्यावर अजून थोडी सरकली पाहिजे अन् मग हाताला टक्क असं बारीक टेकल्याचं लागतं. तिथंच थांबायचं. माझी पहिल्यांदा चूक हीच झाली, जोर लावून अजून चारेक इंच खुपसली, आत ती वळून टोक वर आलं अन् पंप हवाच ओढत बसला. नळीचं टोक सरळ कापलेलं असेल तर ब्लेडनं तिरपं कापा, नाहीतर तळाला चिकटून तोंड बंद होतं.

माझ्या गाडीला फिल्टरसकट तीन लिटरच्या थोडं वर ऑइल लागतं. जाड नळीनं पहिल्यांदा घड्याळ लावलं तर अकरा मिनिटं लागली. शेवटी आवाज बदलतो, रसवंतीत ग्लास संपत आला की स्ट्रॉ सुर्रसुर्र करते ना तसाच. तेव्हा लगेच नळी काढायची नाही. बोटभर वर घ्यायची, चिमटीत फिरवायची, परत खाली टेकवायची, असं दोन-तीनदा केलं की अजून दीडशे मिली तरी निघतं. गाडी कुठल्या बाजूला उतारावर आहे त्यानंही फरक पडतो, नळी जिथं टेकते ती बाजू खाली पाहिजे. आमच्या पार्किंगला पावसाचं पाणी जायला थोडा उतार आहे, मी तोंड कधी इकडं कधी तिकडं करून दोन वेळा बघितलं अन् कुठलं बरं ते वहीत लिहून ठेवलंय.

टाकीवरच्या खुणांवर मात्र फार भरवसा ठेवू नका. फरशी वाकडी असली की खूण वाकडी. मी टाकी रिकामी अन् भरलेली दोन्ही वेळा सामान मोजायच्या लटकत्या काट्यावर तोलतो. ऑइल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरला साडेआठशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन लिटरचे अडीच किलोच्या वर थोडे. एकदा किचनमधला काटा घेतला होता, त्यावर घरात जे झालं ते इथं लिहीत नाही. पण मोजणं सोडू नका, कारण सगळा खेळ मोजण्यावर आहे. जेवढं निघालं तेवढंच भरायचं, फिल्टर बदलला असेल तर त्याच्यापुरतं वर, मग पट्टी बघत बघत थोडं थोडं. मॅन्युअलमध्ये तीन-सव्वातीन लिहिलंय म्हणून डोळे झाकून तेवढं ओतलं अन् आत अर्धा लिटर जुनं राहिलेलं असेल तर ऑइल जास्त होतं, क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, त्यात घुसळून फेस करतो, अन् फेसाला वंगण म्हणत नाहीत.

तळाशी किती उरतं हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. माझा बोल्ट उघडायची सोय नव्हती म्हणून मेहुण्याची वॅगनआर धरली, त्याचा बोल्ट शाबूत. तो आधीपासूनच हसत होता, "दाजी, एवढं दट्टे मारत बसण्यापेक्षा नट खोला की, दोन मिनटाचं काम." पंपानं सगळं ओढून झाल्यावर त्याच्यासमोरच खालचा बोल्ट उघडला, खाली घमेलं धरलं. जे निथळलं ते फवारणीच्या औषधाच्या मापानं मोजलं, एकशे वीस मिली. पेल्यात चहा घेतला तर तेवढाच. त्यानं तोंड वाकडं केलं, पण खरं सांगायचं तर नुसता बोल्ट खोलून निथळलं तरी आत वरवर चिकटलेलं, कोपऱ्यात बसलेलं काहीतरी राहतंच. एकशे वीस मिलीनं माझी झोप जात नाही.

पण प्रत्येक गाडीला हे जमतं असं समजू नका. साडूभाऊंची डिझेल गाडी, मोठी, पाच लिटरच्या वर ऑइल घेणारी. त्यांनी मोठ्या कौतुकानं बोलावलं, मी पंप घेऊन जालन्याला गेलो, पंगतीला बसवल्यासारखे आजूबाजूचे चार जण बघायला जमले. नळी आत जाईना. जिथून पट्टी जाते तो पाइप मधे वळलेला अन् खाली चेंबरच्या तळाच्या बराच वर संपत असावा, नळी कुठंतरी अडायची अन् सुर्रसुर्र सुरू. साडेतीन लिटरवर पंपानं हात टेकले. दीड-दोन लिटर आत. मग शेवटी गाडी गॅरेजलाच न्यावी लागली, साडूभाऊ काही बोलले नाहीत पण जेवताना भजं वाढायला विसरले. म्हणून पंप घ्यायच्या आधी फक्त एक सहा मिलिमीटरची नळी आणून आपल्या गाडीत घालून बघा, तळाला टेकते का. टेकली नाही तर पुढं वाचायची अन् पैसे घालायची गरज नाही.

दुसरा मुद्दा गाळाचा. बोल्ट खोलला की गरम ऑइल भस्सकन येतं, सोबत तळचा थोडा गाळ, काही गाड्यांच्या बोल्टाला लोहचुंबक असतं त्यावर बारीक लोखंडी भुशी दिसते, त्यावरून जुना मिस्त्री इंजिनाची तब्येत सांगतो. पंपात हे काही दिसत नाही. ज्यांचा बोल्ट चांगला आहे त्यांनी दोनदा पंपानं अन् तिसऱ्यांदा बोल्ट खोलून, असं करायला काय हरकत नाही. अन् गाडी आधीच गाळानं भरलेली असेल, वर्षानुवर्षं ऑइल बदललेलंच नसेल, तर हा पंप त्या गाडीसाठी नाहीच.

आता तक्रार, अन् ही मोठी आहे. हा पंप घेतला की गाडीखाली जायलाच नको असं सगळे सांगतात. साफ खोटं. ऑइल वरून निघालं, फिल्टर कोण काढणार? ज्या गाड्यांचा फिल्टर वरच्या बाजूला आहे त्यांचं नशीब, बोनेट उघडून उभ्या उभ्या काम होतं. माझ्या गाडीचा खाली आहे, त्याच्यासाठी मला जावंच लागतं. सुताराकडून सागवानी फळ्यांचे दोन चढ करून घेतलेत, पुढची चाकं त्यावर चढवायची, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक, गिअर, मगच खाली. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली कधीच जाऊ नका, जॅक फक्त चाक बदलायला असतो. फिल्टर खोलताना थोडं ऑइल अंगावर येतंच, एवढंच की आधी पंपानं चेंबर रिकामं केलेलं असल्यामुळं तीन लिटर गरम ऑइलची धार कोपरापर्यंत येत नाही. नवीन फिल्टरच्या रबराला बोटानं ऑइल लावायचं, टेकला की वरून पाऊण फेरा हातानंच. इथं पान्याला पाइप लावणाऱ्या त्या पोराची आठवण येते.

पैशाचं विचाराल तर हिशोब लावून बघा अन् हसा. गॅरेजमध्ये नुसत्या ऑइल-फिल्टरची मजुरी मला तीन-चारशे पडायची, ऑइल अन् फिल्टर तर कुठंही विकतच आणायचंय. माझ्या गाडीचं दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते. म्हणजे बत्तीसशेचा पंप नुसत्या मजुरीतून वसूल व्हायला आठ-दहा वर्षं, तोवर गाडीच राहायची नाही. त्यात तो अकराशेचा मेलेला धरला तर अजूनच. मेहुण्याची धरून दोन गाड्या झाल्या तरी दोन्ही पंपांचे मिळून पाच-सात वर्षं जातातच. पैसे वाचतात म्हणून हा पंप कुणी घेत असेल तर घेऊ नका. मला मिळालं ते वेगळंच. कॅन मी स्वतः दुकानातून आणतो, सील मी तोडतो, किती गेलं ते मला माहिती असतं, अन् माझ्या दुखऱ्या बोल्टाला कुणी हात लावत नाही. नवीन, वॉरंटीतली गाडी असेल तर मात्र हे उद्योग नको, शिक्का अन् बिल कंपनीच्याच वर्कशॉपचं राहू द्या.

एक फायदा मी धरलाच नव्हता. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका पेव्हर ब्लॉकवर डाग पडला की व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकतात, खाली फ्लॅट नंबर. बोल्ट गळत होता तेव्हा माझा फोटो तीनदा झळकला. पहिल्यांदा पंप घेऊन पार्किंगमध्ये बसलो तर काका खुर्ची टाकूनच समोर बसले, मोबाइल तयार. शेवटपर्यंत थेंब पडला नाही, फिल्टरच्या खाली पत्र्याचा डबा अन् वर पुठ्ठा होता. उठताना एवढंच म्हणाले, "हे किती लिटरचं येतं?" आता त्यांच्या गाडीचं ऑइल कुणीतरी जास्त भरलं होतं, पट्टीच्या वरच्या खुणेच्या बरंच वर, ते अर्धा लिटर मी त्यांच्यासमोर पाच मिनिटांत ओढून दिलं. या कामाला या पंपासारखं दुसरं काही नाही. बोल्ट खोलून अर्धाच लिटर काढणं म्हणजे धरण फोडून तांब्या भरण्यासारखं. तेव्हापासून फोटो बंद.

निघालेल्या ऑइलचं काय करायचं ते आधी ठरवा, कारण गाडीतून काढल्यावर ते तुमचंच आहे. आप्पांना पहिल्यांदा सांगितलं तर म्हणले टाकू नको, गोठ्याच्या मेढींना वाळवी लागलीय, गावात सगळे तेच लावतात, सेंट्रिंगवाले प्लेटांना लावतात, जुन्या लोकांनी बैलगाडीच्या आसालाही लावलंय. खरंय ते, मीही लहानपणी लावलंय. पण त्या गोठ्यापासून विहीर तीस पावलांवर आहे, अन् वापरलेलं ऑइल २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत मोडतं, ते उगीच नाही. मी परत त्याच रिकाम्या कॅनमध्ये नरसाळ्यानं भरतो अन् ओळखीच्या लेथवाल्याकडं नेऊन ओततो, त्याच्याकडं पिंप असतं, ते न्यायला ऑइलवाला येतो. नालीत ओतू नका अन् झाडाच्या बुडालाही नको.

पंपाची निगा म्हणाल तर एवढीच. काम झालं की टाकी पूर्ण ओतून उलटी ठेवायची, वर ऑइल येईपर्यंत कधीच भरायची नाही, नाहीतर ते दांडीच्या दट्ट्यात शिरतं अन् वायसर फुगतो. नळी चिंधीनं पुसून दोन्ही तोंडांना प्लास्टिक बांधायचं, कारण आमच्या एमआयडीसीची अन् गावाकडच्या काळ्या मातीची धूळ कुठंही घुसते, अन् ही नळी पुढच्या वेळी सरळ इंजिनाच्या पोटात जाणार असते. या पंपानं ब्रेक ऑइल काढू नका, त्याला इंजिन ऑइलचा थेंबही चालत नाही, ब्रेकचे रबर फुगून जातात. माझ्या पंपाचा वायसर दीड वर्षानं थोडा ढिला झाला, ओढ धरेना, आत जरा ग्रीस लावलं तर परत चालू. सुटा वायसर मिळतो का विचारलं तर विकणाऱ्याकडं नव्हता, शेवटी मोंढ्यात फवारणी पंपाच्या सामानाच्या दुकानात साधारण त्याच मापाचा वीस रुपयांत मिळाला. आप्पांना फोन करून सांगितलं. म्हणले, "म्या म्हणलं नव्हतं का."